डिसला चाळीस हजार, बोटांच्या गाण्याला चारशे

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो तिथं थोडं सावरून घेतलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज मागं बीट नाहीये, मुद्दाम ठेवला नाही. आजचा विषय बीटवर बोलण्यासारखा नाही.

आधी एक छोटं काम करा. फोन हातात आहेच. यूट्यूब उघडा आणि तुमच्या आवडत्या कुठल्याही देशी रॅपरचं नाव टाका. खाली काय काय सुचवतं ते बघा. माझ्या फोनवर गाण्यांच्या आधी येतं 'रिप्लाय', मग 'एक्सपोज', मग 'भांडण', मग 'रिअॅक्शन'. म्हणजे माझ्या फोनला माझ्याबद्दल एक गोष्ट पक्की कळलीये. मला गाणं कमी हवंय आणि भांडण जास्त हवंय.

आता मी हे एकदम साळसूदपणे सांगायला बसलो तर तुम्ही म्हणाल, हा कोण शहाणा? म्हणून आधीच सांगतो. मी स्वतः हे केलंय. खोटं भांडण केलंय, तेही ठरवून. आजचा भाग त्याबद्दल आहे.

मी निगडीचा, ओटा स्कीमचा. जे पिंपरी-चिंचवडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, आमचं गाव म्हणजे एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मध्ये एमआयडीसी. टाळ आणि भोंगा दोन्ही ऐकत मोठं व्हायचं. आयटीआय झालं, चाकणला कंत्राटी लागलो. पहाटेची कंपनीची बस, फर्स्ट शिफ्ट, परत येईपर्यंत अंगात काही उरत नाही. पण २०१९ च्या फेब्रुवारीत 'गली बॉय' आला आणि माझ्यासारख्या हजार पोरांना वाटलं की च्यायला, आपल्याकडंपण सांगायला आहे की! आम्ही चारपाच जण रविवारी दुर्गा टेकडीच्या पायथ्याला जमायचो. एक जण तोंडानं बीट द्यायचा आणि बाकीचे आळीपाळीनं. त्यालाच सायफर म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं.

माझं पहिलं खरं गाणं एका बोटावर होतं. खरं म्हणजे दोन बोटांवर. आमच्या लाइनमधले एक काका आधी भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. ज्यांच्या घरात कुणी प्रेसवर आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. वरून डाय येते, पत्रा कापते आणि परत वर जाते. मध्ये हात राहिला की संपलं. सेफ्टी गार्ड असतो, सेन्सर असतो, दोन्ही हातांनी बटणं दाबायची सोय असते. पण त्यानं नग कमी निघतात, म्हणून कुठं कुठं ते बंद करून ठेवतात. काकांची उजव्या हाताची दोन बोटं तिथं गेली. ते चहाचा कप आजही डाव्या हातानं धरतात. मला ते म्हणाले होते, "लिही की. नाव नको टाकू, पण लिही."

मी चार महिने लिहिलं. मीटर बसेना. प्रेसचा जो ठोका असतो ना, तोच मला गाण्याचा ठोका म्हणून हवा होता. शेवटी फोनवर मशीनचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्यावर बीट बांधला. घरी कपाटात डोकं घालून, अंगावर आजीची गोधडी घेऊन रेकॉर्डिंग केलं. गाणं टाकलं. चारशे व्ह्यूज. त्यातले शंभर तरी माझेच असतील.

बरं, आता दुसरी गोष्ट. माझा एक मित्र, तोपण रॅपर, भोसरीचा. माझ्यापेक्षा चांगलं लिहितो, हे मी तेव्हापण मानायचो आणि आत्तापण मानतो. त्याचंही तेच, पाचशे-सहाशेच्या वर गाडी जाईना. आमच्या ओळखीत एक जण होता, पोरांचं 'मॅनेजमेंट' बघायचा. त्यानं आम्हाला चहाच्या टपरीवर बसवून गणित शिकवलं. म्हणाला, "गाणं कुणी शेअर करत नाही. भांडण शेअर करतात. तू निगडी, तो भोसरी. झालं की मॅटर तयार!"

आणि झालं तसंच. मी त्याच्यावर डिस काढला. दीड तासात लिहिला. चार महिने नाही, दीड तास. त्याची हेअरस्टाइल, त्याची गाडी, त्याचा एरिया आणि भरपूर शिव्या. चार दिवसांत चाळीस हजार. त्यानं रिप्लाय दिला, त्याला साठ हजार. आम्ही दोघं रात्री फोनवर हसत होतो. माझी आई मात्र हसली नाही. तिनं शेजारच्या पोराच्या फोनवर ते ऐकलं आणि मला एवढंच विचारलं, "अरे, तो तर मागच्या रविवारी आपल्याकडं मटण जेवून गेला. मग त्याच्या आईवरून का बोललास?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "आई, ते खोटंय." ती म्हणाली, "शिवी कुठं खोटी असते का?"

आता जरा मोठ्या लोकांकडं बघू, कारण हे गणित आम्ही काढलेलं नाही. २०१८ मध्ये रफ्तार एका मुलाखतीत एमीवे बंटायबद्दल काहीतरी बोलला. एमीवेनं 'समझ में आया क्या' काढलं, रफ्तारनं 'शेख चिल्ली' काढलं आणि अख्ख्या देशातली पोरं दोन गटांत वाटली गेली. मग एमीवे विरुद्ध डिव्हाइन, मग एमीवे विरुद्ध आपल्या पुण्याचा, ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन, मग एमीवे विरुद्ध कृष्णा. अर्धी शाळा तेव्हा गाणी कमी आणि 'कोण जिंकलं' जास्त बोलायची.

पण इथं एक गोष्ट नीट बघा. लोक एमीवेकडं भांडणामुळं आले असतील. राहिले कशामुळं? २०१९ मध्ये त्याचं 'मचाएंगे' आलं. हलकंफुलकं, गुणगुणण्यासारखं, त्यात कुणाचा हिशोब चुकता केलेला नाही. लग्नाच्या वरातीत काय वाजलं? ते वाजलं. तो डिस कुणी वरातीत लावला का? स्टॅनचंपण तसंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बिग बॉसचा सोळावा सीझन जिंकला, त्याची चेन आणि त्याचे ऐंशी हजारांचे बूट घराघरात पोहोचले. माझ्या मावशीलापण माहिती झाले. पण बूट माहीत असलेल्या माणसांना त्याचा २०२०चा 'तडीपार' हा अल्बम माहिती आहे का? त्यात वस्ती आहे, पोलीस आहेत, स्वतःचीच चिडचिड आहे. आवडो न आवडो, तो त्याच्या आतून आलाय. बूट दुकानातून आलेत.

म्हणजे प्रसिद्धी वाईट असं मी म्हणत नाहीये. थांबा, यावर जरा नीट बोलतो, कारण इथं फार जण ढोंग करतात. ताडीवाला रोडच्या पोराकडं पीआर एजन्सी नसते. ओटा स्कीमच्या पोराकडं मामा-काका म्युझिक कंपनीत नसतात. ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्याकडं आवाज वाढवणं एवढंच असतं. आणि आपण तर फ्लेक्सच्या गावात राहतो! चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स, मध्ये दादा, खाली पासपोर्ट साइजमध्ये चाळीस शुभेच्छुक. त्या चाळीसमधल्या एकालासुद्धा आपण 'प्रसिद्धीलोलुप' म्हणत नाही. मग रॅपरनं बोर्ड लावला तर एवढा राग का? बोर्ड लावावा. जरूर लावावा. माझा प्रश्न एवढाच आहे की बोर्डाच्या मागं दुकान आहे का?

आणि डिसपण वाईट नाही. डिस तर हिप-हॉपच्या रक्तातच आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कनं बहिणीसाठी पार्टी केली, तो हिप-हॉपचा वाढदिवस मानतात. त्यानंतर तेरा वर्षांत, १९८६ मध्ये, ब्रॉन्क्सवाले आणि क्वीन्सवाले 'हे सुरू कुठं झालं' यावरून एकमेकांवर गाणी काढायला लागले होते. अगदी आपलं निगडी-भोसरी! अलीकडचं बघा. २०२४ मध्ये केंड्रिक लमारनं ड्रेकवर 'नॉट लाइक अस' काढलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला पाच ग्रॅमी मिळाले. पण तो माणूस कोण आहे? त्याच्या 'डॅम' या अल्बमला २०१८ मध्ये पुलित्झर मिळालं होतं, रॅपला पहिल्यांदाच. म्हणजे भांडणाच्या आधी सहा वर्षं दुकान भरलेलं होतं. आपली पोरं त्याचं भांडण उचलतात, अभ्यास उचलत नाहीत. मीपण तेच केलं.

आणि दुसरं टोकपण विसरू नका. टुपाक सप्टेंबर १९९६ मध्ये गोळीबारात गेला, बिगी मार्च १९९७ मध्ये. एक पंचवीस वर्षांचा, एक चोवीस वर्षांचा. त्या काळात मासिकं आणि कंपन्या 'ईस्ट विरुद्ध वेस्ट' विकत होत्या. खून कुणी का केला हा वेगळा विषय, पण वातावरण विकलं जात होतं हे खरं.

आता तुम्हाला वाटेल हे सगळं अमेरिकेचं. नाही हो. हे आपल्याच मातीतलं आहे. कलगी-तुरा ऐकलंय? शाळेत धड्यात आला असेल. शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला. एकानं डफावर थाप मारून कवनातून सवाल टाकायचा, कोडं घालायचं, त्याला भेदिक म्हणतात. दुसऱ्यानं कवनातूनच जवाब द्यायचा. लोक रात्रभर बसून ऐकायचे. उत्तर आलं नाही तर भर फडात फजिती. कोकणातल्या मित्रांना विचारा, शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात, मुंबईत हॉलमध्ये तिकीट लावून होतात. टोमणे असतात, चिमटे असतात, कधी कधी तोलपण सुटतो. पण मूळ अट बघा. समोरच्याला हरवायचं तर तुला पुराणं माहिती पाहिजेत, चाल माहिती पाहिजे, जागेवर बांधता आलं पाहिजे. भांडणामुळं शाहिराला अभ्यास करावा लागायचा. आमच्या भांडणामुळं मला अभ्यास करावा लागला नाही. फरक काय असेल तर हाच.

आमच्या शेजारच्या देहूचंच घ्या ना. तुकोबांच्या अभंगात सालोमालो येतो. असं सांगतात की हा माणूस तुकोबांचे अभंग घ्यायचा आणि शेवटी स्वतःचं नाव घालायचा. आजच्या भाषेत बाइटर! तुकोबांनी त्याला अभंगात झोडपलंय, नाव घेऊन. म्हणजे पिंपरी-चिंचवड पट्ट्यातला सगळ्यात जुना डिस देहूचा आहे, असं मी गमतीनं म्हणतो. पण गाथ्यात हजारो अभंग आहेत, त्यातले सालोमालोवरचे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. चिडले, बोलले आणि आपल्या कामाला लागले.

बरं, परत माझ्याकडं येतो. खोटं भांडण खोटं कधीपर्यंत राहतं? दोन माणसांना माहिती आहे तोपर्यंत. आमच्या भांडणाचं सत्य आम्हाला दोघांना आणि त्या मॅनेजरला माहिती होतं. कमेंटमधल्या पोरांना नव्हतं. दहावी-अकरावीची पोरं होती ती. एके दिवशी क्लासच्या बाहेर माझ्या बाजूच्या आणि त्याच्या बाजूच्या पोरांची जुंपली. एकानं कडं काढून मारलं. एका पोराच्या भुवईवर पाच टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

मी दवाखान्यात गेलो. त्या पोराला मी कधी भेटलो नव्हतो. त्याला माझा डिस पाठ होता. डोक्याला पट्टी, आणि मला बघून एवढा खूश! म्हणाला, "दादा, आपण मागं नाही हटलो." आपण म्हणे. बाहेर बाकड्यावर त्याचे वडील बसले होते. अंगात कंपनीचा शर्ट होता, सेकंड शिफ्ट सोडून आले होते. ते मला काही बोलले नाहीत. त्यांना मी कोण तेच माहिती नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू त्याचा मित्र का? त्याला समजव रे जरा."

त्या रात्री मी मित्राला फोन केला. म्हणालो, सांगून टाकू सगळं खोटं होतं. तो म्हणाला, "सांगितलं तर दोघंपण संपू." तो चुकीचं नव्हता बोलत. मॅनेजर म्हणाला, अरे हे तर चांगलंय, टाक्यांचा फोटो मिळतो का बघ. मंडळी, हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. आणि खरं सांगू? एक सेकंद माझ्यापण डोक्यात आलं होतं. तो एक सेकंद मला जास्त त्रास देतो.

आणि अजून एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. डिस चालायला लागल्यावर मॅनेजर म्हणाला होता की चॅनलवरची जुनी गाणी काढ, इमेजला शोभत नाहीत, रडकी वाटतात. मी काढली. त्यात बोटांचं गाणंपण होतं. एक दिवस बसमध्ये काका शेजारी येऊन बसले. म्हणाले, "माझ्या भाच्याला ते गाणं दाखवायचं होतं. तो प्रेसवर लागतोय. सापडेना कुठं. तू काढलंस का?"

मी खोटं बोललो. म्हणालो, कॉपीराइटचा लोचा झालाय.

बघा, एका माणसाला ते गाणं कामाचं होतं. भाच्याच्या बोटांसाठी कामाचं होतं. आणि मी ते काढलं होतं चाळीस हजार लोकांना मी गुंड वाटावा म्हणून.

एप्रिल २०२३ आठवतोय? तेव्हा मी सोडून द्यायच्या विचारात होतो. त्या एका महिन्यात रॅपवरून गुन्हे दाखल झाल्याच्या दोन प्रकारच्या बातम्या आल्या. एक, पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिव्यांचं गाणं शूट झालं, समोर तलवार, पिस्तूल आणि दारूची बाटली मांडून. दोन, छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे आणि मुंबईचा उमेश खाडे, यांच्यावर राजकारणावर रॅप केला म्हणून. कायदा बाजूला ठेवा, राजकारणपण बाजूला ठेवा. मी फक्त लिहिणारा म्हणून बघत होतो. एकाकडं हत्यार होतं आणि विषय नव्हता. दुसऱ्यांकडं विषय होता आणि हत्यार लागलंच नाही. मला कळलं की आपण कुठल्या रांगेत उभे आहोत.

आणि मराठीत त्या दुसऱ्या रांगेत माणसं आहेत बरं का. स्वदेशी या मुंबईच्या ग्रुपनं २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं, आरेतल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. अमरावतीचा १०० आरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, एमटीव्ही हसलच्या मंचावर आपली भाषा घेऊन गेला. या लोकांना ऐका. आवडलं नाही तर नावं ठेवा, पण गाणं ऐकून ठेवा.

शेवटी, तुम्ही ऐकणारे. तुमच्याकडं माझी तीन मागणी आहेत, फार नाहीत.

पहिली. कुणाचाही डिस ऐकला की समोरच्याचं नाव मनातून खोडा आणि परत ऐका. उरतं का काही? एखादं यमक, एखादी उपमा, फ्लोमधली एखादी वळणाची जागा? उरलं तर लिहिणारा खरा आहे. काहीच उरलं नाही तर तो बातमी विकतोय.

दुसरी. भांडणाला तुम्ही जेवढा वेळ देता तेवढाच वेळ त्याच रॅपरच्या सगळ्यात कमी व्ह्यूज असलेल्या गाण्याला द्या. अल्गोरिदम म्हणजे कुणी देव नाही. तुम्ही काय शेवटपर्यंत बघता तेपण तो मोजतो.

तिसरी. कमेंटमध्ये बाजू घ्या, हरकत नाही. क्लासच्या बाहेर घेऊ नका. आम्ही रात्री फोनवर हसत असतो रे. टाके तुम्हाला पडतात.

माझ्या मित्राचं काय झालं असं विचाराल. आमचं आता खरंच बोलणं नाही. मी मागच्या महिन्यात त्याला मेसेज करून सांगितलं की मी हे सगळं बोलणार आहे, तुझं नाव घेणार नाही. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. खोटं भांडण करता करता खरं झालं. आईनं परवा पण विचारलं, तो येत नाही का रे हल्ली.

डिस मी काढलेला नाही, तिथंच ठेवलाय. खाली लिहिलंय की हे ठरवून केलेलं होतं. त्याबद्दल शिव्यापण खातोय, बरोबर आहे. आणि बोटांचं गाणं परत टाकलंय. काकांना लिंक पाठवली. त्यांनी अंगठा पाठवला, डाव्या हाताचा असावा. भाचा प्रेसवर लागलाय. त्यानं सुपरवायझरला पहिल्याच आठवड्यात गार्डबद्दल विचारलं म्हणे. त्याचं श्रेय गाण्याचं की मामाचं, मला माहिती नाही. मामाचंच असेल.

व्ह्यूज सांगू का? काल रात्री सहाशे बारा.

चला, मला उद्या फर्स्ट आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि प्रेसवर असाल तर हात सांभाळा.